तोंडाला वास येतो, सगळं करून झालं तरी जात नाही!

रानजाई:
माझ्या मोठ्या भावाबद्दल विचारायचंय. त्याच्या तोंडाला वास येतो, बरेच महिने झाले आता. वहिनीने त्याला सरळ सांगितलंय, त्यामुळे "कसं सांगू" हा प्रश्न नाहीये. प्रश्न असा की तो सगळं करतो, दोन वेळा ब्रश, माउथवॉश, खिशात कायम मिंटच्या गोळ्या, तरी तास दोन तासांनी पुन्हा तेच. त्याचं ठाम मत आहे की पोट बिघडलंय म्हणून वास येतोय, त्यामुळे पोटाची औषधं बदलून बदलून चालू आहेत. डेंटिस्टकडे जा म्हटलं तर म्हणतो एकही दात दुखत नाही, कशाला जाऊ. कुणाला अनुभव आहे का? आणि यासाठी नक्की कुठल्या डॉक्टरकडे जायचं असतं?

टिवल्याबावल्या:
पोटच असणार. माझ्या सासऱ्यांना अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सुरू केल्या आणि फरक पडला. तोंडाचं मूळ पोटात असतं.

दंतकथा:
मी डेंटिस्ट आहे, आयडीवरून कळलंच असेल :)
टिवल्याबावल्या, सासऱ्यांना फरक पडला असेलही. ज्यांना सतत जळजळ आणि आंबट पाणी घशाशी येतं त्यांच्यात पोटाचा थोडाफार वाटा असू शकतो. पण एकूण बघितलं तर दहातल्या आठ-नऊ लोकांचा वास तोंडातच तयार होतो. अन्ननलिका एरवी मिटलेली असते हो, पोटातली हवा ढेकर आली तरच वर येते, दर श्वासाला नाही. त्यामुळे बोलताना सतत वास येत असेल तर आधी तोंड बघायचं, पोट नंतर.

होतं काय, तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात आणि त्यातल्या काहींना ऑक्सिजन नको असतो. ते दडून बसतात जिभेच्या मागच्या खडबडीत भागात आणि दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, रक्त, घशात उतरलेला शेंबूड, यातली प्रथिनं ते मोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथाइल मरकॅप्टन, तो त्याहून घाण. हिरड्यांचा आजार असेल तर हा दुसरा जास्त असतो.

"दुखत नाही" याला काही अर्थ नाही. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं न दुखता चालू राहतो. रानजाई, भावाला दोन गोष्टी विचारा. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं का? आणि जीभ पूर्ण बाहेर काढली की मागे पांढरा-पिवळा थर दिसतो का?

रानजाई:
विचारलं. रक्त येतं म्हणे अधूनमधून, उजवीकडे खालच्या दाढांपाशी, म्हणून तो त्या बाजूला ब्रश हळूच लावतो किंवा लावतच नाही. जिभेचं म्हणाल तर त्याने आजवर जीभ घासलेलीच नाही.

दंतकथा:
झालं तर मग. रक्त येतं म्हणून ब्रश टाळायचा, मग तिथे अजून थर साठतो, हिरडी अजून सुजते आणि अजून रक्त येतं. उलट तिथेच जास्त नीट घासायला हवं, मऊ ब्रशने, दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर ब्रश तिरका धरून. पण आत कीटण दगडासारखं घट्ट झालं असेल तर ते ब्रशने निघत नाही, ते काढूनच घ्यावं लागतं. तर उत्तर : पहिला डॉक्टर डेंटिस्ट. तिथे काही सापडलं नाही तर कान-नाक-घसा. तिथेही नाही तर मग फिजिशियन आणि पोटाचे डॉक्टर. लोक बरोब्बर उलट क्रमाने फिरतात.

सरळमार्गी:
पण स्केलिंग, म्हणजे हे कीटण काढून घेणं, त्याने दात सैल होतात ना? आमच्याकडे सगळेच म्हणतात. शेजाऱ्यांनी केलं आणि नंतर दातात फटी पडल्या.

दंतकथा:
फटी पडलेल्याच असतात, त्यात कीटण भरलेलं असतं, ते काढल्यावर फटी दिसायला लागतात. कीटणामुळे दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो, कीटण काढल्यामुळे नाही. थोडे दिवस थंड-गरम झोंबतं ते मात्र खरं, ते कमी होतं. किती दिवसांनी करायचं ते ज्याच्या त्याच्या हिरड्यांवर अवलंबून आहे, सगळ्यांना एकच हिशोब लागत नाही. मधुमेह असेल तर जास्त लक्ष द्यायचं, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. आणि सिगरेट ओढणाऱ्यांनी "मला कुठे रक्त येतं" म्हणून खूश होऊ नका, तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार आत चालूच असतो.

नाकासमोर:
आपला आपल्याला वास येतोय का हे कसं ओळखायचं? मी हाताचा द्रोण करून हा-हा करून बघते, काहीच कळत नाही.

दंतकथा:
त्याने नाहीच कळत. एक तर हवा विरते आणि दुसरं म्हणजे आपल्या नाकाला आपल्या वासाची सवय झालेली असते. त्यापेक्षा हे करा : मनगटाची आतली बाजू चाटा, दहा-पंधरा सेकंद वाळू द्या, मग वास घ्या. याच्याहून बरं म्हणजे एक स्वच्छ चमचा पालथा करून जिभेवर शक्य तितका मागून पुढे हलकेच ओढायचा, त्यावर जे काही येतं ते थोडा वेळ ठेवून हुंगायचं. आणि मागच्या दाढांच्या मधून फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा बारीक दोरा, फिरवून त्या फ्लॉसचा वास. फ्लॉसला एकाच ठिकाणी घाण वास येत असेल तर तिथे कीड, जुन्या कॅपखाली गळती किंवा अन्न अडकायची जागा असू शकते, डॉक्टरांना नेमकं तेच ठिकाण दाखवायचं. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे घरातलं एखादं विश्वासाचं माणूस, त्याला खरं सांग म्हणायचं. आमच्याकडे सुद्धा सल्फरचे वायू मोजायची यंत्रं असली तरी तपासणी मुख्यतः नाकानेच होते, शून्य ते पाच असे गुण द्यायचे. लोकांना हसू येतं पण खरंच तसं आहे.

नाकासमोर:
चमचा केला. ईईई. कुणाला सांगणार नाही काय वास होता तो.

मधलीसुट्टी:
नाकासमोर :D मी पण केलं. टंग क्लीनर आणायला निघालो.

उंबरठा:
टंग क्लीनर वापरणाऱ्यांसाठी, लोक जिभेचा पुढचा अर्धा भाग चकाचक करतात जिथे मुळात फार काही नसतं, आणि उमासा येतो म्हणून मागे जातच नाहीत. मला एका हायजिनिस्टने शिकवलं ते असं : जीभ रुमालात धरून जरा बाहेर ओढायची, श्वास पूर्ण सोडायचा आणि थांबायचं, श्वास सोडलेला असताना उमासा कमी येतो. मग मागून पुढे, एकाच दिशेने, तीन-चार वेळा, दर वेळी क्लीनर धुवून. दाबायचं नाही. रक्त निघेपर्यंत खरवडणारे लोक बघितलेत मी, स्वाद कळणाऱ्या गाठी त्याच जिभेवर आहेत याचा विसर पडतो बहुतेक. आणि रात्री झोपण्यापूर्वी करा, सकाळचं केलं नाही तरी रात्रीचं चुकवू नका.

रात्रपाळी:
रात्रीच का?

उंबरठा:
झोपेत लाळ जवळजवळ बंद होते. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, ती सतत तोंड धुवत असते, जिवाणूंना आवश्यक तो निवांतपणा मिळू देत नाही. रात्री ते थांबतं. सकाळी उठल्यावरचा वास प्रत्येकाला असतो, अगदी सगळ्यांना, तो आजार नाहीये, पाणी प्यायलं, ब्रश केला, काही खाल्लं की जातो. न्याहारीनंतरही टिकला तर विचार करायचा.

रात्रपाळी:
मग माझं कोडं सुटलं बहुतेक. अ‍ॅलर्जीची गोळी रोज, कॉफीवर कॉफी, नाक चोंदलेलं म्हणून तोंडाने श्वास, आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. दंतकथा ताई, गोळ्यांमुळे पण होतं का?

दंतकथा:
हो, खूप जणांना. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनवरच्या बऱ्याच गोळ्या, काही बीपीच्या, लघवी जास्त करवणाऱ्या, यादी मोठी आहे. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना सांगा तोंड कोरडं पडतंय, बऱ्याचदा पर्याय असतो. नाकाचा बंदोबस्त आधी करा कारण तोंडाने श्वास चालू आहे तोवर बाकीचे उपाय कमीच पडणार. पाणी घोट घोट पीत राहा, साखर नसलेलं च्युइंगगम चघळा, झायलिटॉलवालं मिळालं तर उत्तम, ते जिवाणूंना खाता येत नाही आणि चघळण्याने लाळ सुटते. घशात मागे शेंबूड उतरत असेल तर सलाइनने नाक धुण्याने पण पुष्कळांना बरं वाटतं, फक्त पाणी उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक वापरायचं, नळाचं नाही. आणि तोंड फारच कोरडं असेल, कोरडा घास गिळताना पाणी लागत असेल, डोळेही कोरडे वाटत असतील तर त्याची वेगळी तपासणी असते, ती करून घ्या.

जुनंपुराणं:
माउथवॉशबद्दल थोडा इतिहास, अवांतर वाटलं तर सोडून द्या. लिस्टरीन १८७९ मध्ये जोसेफ लॉरेन्स या अमेरिकन डॉक्टरने बनवलं ते शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून, नाव दिलं शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर सुरू करणाऱ्या जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनवरून. तोंडाच्या वासावर त्याची धडाक्यात जाहिरात सुरू झाली १९२० च्या दशकात, आणि त्या जाहिरातींचा सगळा रोख एकच, तुमच्या तोंडाला वास येतो आणि तुम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून तुमचं लग्न जमत नाही. खप प्रचंड वाढला. वास त्याआधीही होताच हो, त्याची धास्ती घाऊक प्रमाणात विकायची कल्पना जाहिरातवाल्यांची. आजही जाहिरात बघा, भीती तीच.

मधलीसुट्टी:
म्हणजे माउथवॉश निरुपयोगी का?

दंतकथा:
निरुपयोगी नाही, पण नुसता सुगंधी माउथवॉश म्हणजे कचऱ्याची बादली भरलेली ठेवून रूम फ्रेशनर मारणं, त्याचा असर थोडाच वेळ. बाटलीच्या पुढे काय लिहिलंय ते सोडा, मागे वाचा. झिंक असेल तर ते गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. सेटिलपायरिडिनियम क्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडीन असेल तर जिवाणू कमी होतात. पण क्लोरहेक्सिडीन मनाने महिनोन् महिने वापरायची गोष्ट नाही, दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, आम्ही साधारण दोन आठवड्यांसाठी देतो आणि थांबवतो. शिवाय ते पेस्टनंतर लगेच वापरलं तर पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या रसायनामुळे त्याचा परिणाम कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी अल्कोहोलवाला शक्यतो टाळा, झोंबतो आणि अजून कोरडं वाटतं. आणि कुठलाही माउथवॉश दातांच्या फटीत अडकलेलं काढत नाही, त्याला फ्लॉस नाहीतर छोटे इंटरडेंटल ब्रशच लागतात. फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा ते ब्रश बरे.

खादाडखाऊ:
कच्चा लसूण खाल्ल्यावर मी तीनदा ब्रश केला तरी बायको तोंड फिरवते, हे काय गौडबंगाल आहे?

उंबरठा:
ते तोंडातून नाही, फुप्फुसातून येतं. लसणातलं अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड रक्तात उतरतं आणि श्वासातून, घामातून बाहेर पडत राहतं, कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. ब्रशचा तिथे हात पोचत नाही. लसणासोबत किंवा लगेच नंतर कच्चं सफरचंद, पुदिना, दूध यांनी वास बराच कमी होतो, त्यावर प्रयोग झालेत. नाहीतर बायकोलाही लसूण खायला घाल, सोपं काम.

खादाडखाऊ:
शेवटचा उपाय सगळ्यात परवडणारा :))

गिरमिट:
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. मला घशात काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं आणि मग खोकताना साबुदाण्याएवढा पिवळसर पांढरा खडा बाहेर यायचा, मऊ, आणि बोटात चिरडला की असा भयंकर वास की बस. मला वाटलं काय गंभीर आजार झालाय. ईएनटीने सांगितलं टॉन्सिल स्टोन. टॉन्सिलला खळगे असतात, त्यात अन्न, पेशी, जिवाणू साठून घट्ट होतं. निरुपद्रवी असतं म्हणाले. पिन, टूथपिक घालून काढू नका असं बजावून सांगितलं कारण तिथे रक्तवाहिन्या भरपूर आहेत. मिठाच्या कोमट पाण्याने जेवल्यावर जोरात गुळण्या करतो, बऱ्यापैकी कमी झालं. फारच वारंवार होत असेल, घसा सारखा सुजत असेल तर टॉन्सिल काढायचा विचार करतात.

नाकासमोर:
अरे देवा, मला हे होतं आणि मला नाव माहीत नव्हतं!

कोपऱ्यातलाटेबल:
उलटा प्रश्न. ऑफिसात शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला खूप वास येतो. माणूस अतिशय सज्जन आहे. सांगू कसं? टेबलावर मिंटचा डबा ठेवून बघितला, घे म्हटलं तर म्हणतो मी गोड खात नाही.

सरळमार्गी:
खुणा, इशारे, डबे काही उपयोगाचे नाहीत. एकट्याला गाठायचं, चारचौघांत नाही, ईमेल तर अजिबात नाही. "तुम्हाला एक सांगू का, मला कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं म्हणून सांगतोय, तुमच्या श्वासाला अलीकडे वास येतो, हिरड्या किंवा सायनसचं काही असू शकतं, एकदा दाखवून घ्या." बास. "सगळे म्हणतात" हे शब्द चुकूनही नाही. आणि लगेच विषय बदलायचा, त्याला उत्तर द्यायला लावायचं नाही.

टिवल्याबावल्या:
"सगळे म्हणतात" याला +१. वाईट त्यानेच वाटतं.

अबोल_२:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मला खात्री आहे की माझ्या तोंडाला वास येतो. लिफ्टमध्ये कोणी नाकाला हात लावला, मीटिंगमध्ये कोणी खिडकी उघडली की मला कळतं ते माझ्यामुळे आहे. बोलताना तोंडावर हात ठेवते. दोन डेंटिस्ट म्हणाले काहीच नाही, आई आणि मैत्रीणही म्हणते नाही येत. पण ते मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. दिवसातून पाच-सहा वेळा ब्रश करते, हिरड्या सोलवटल्यात. आता लोकांत जाणंच कमी केलंय.

दंतकथा:
अबोल, हे लिहिलंत ते फार बरं केलं. तुम्ही खोटं बोलताय किंवा नाटक करताय असं कोणी म्हणत नाहीये, त्रास शंभर टक्के खरा आहे. पण लोक नाकाला हात लावतात, खिडकी उघडतात ती हजार कारणांनी, त्याचा वासाशी संबंध जोडायची सवय मनाला लागली की ती स्वतःहून सुटत नाही. हा ओळखीचा प्रकार आहे, आमच्या क्षेत्रात याला हॅलिटोफोबिया म्हणतात, वास तपासणीत सापडत नाही पण खात्री काही केल्या जात नाही. तिसऱ्या, चौथ्या डेंटिस्टकडे जाऊन हे सुटणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांकडे जा, सीबीटीचा, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, चांगला उपयोग होतो, गरज लागली तर औषधंही असतात. आणि आजपासून ब्रश दोनच वेळा, मऊ ब्रश, दोन मिनिटं. सोलवटलेल्या हिरड्या आधी भरून येऊ देत. एकटं जायला जड वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन जा.

अबोल_२:
कोणीतरी "वेडी आहेस" न म्हणता बोललं. बघते. थँक्यू.

जुनंपुराणं:
कवळीवाल्यांचं राहिलं. माझी कवळी आहे. रात्री काढून ठेवायची, ब्रशने दोन्ही बाजूंनी घासायची आणि पाण्यात किंवा कवळीच्या गोळीच्या द्रावणात बुडवून ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकू नका, आकार बिघडतो. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यातच घाण बसते, साधा लिक्विड साबण बरा. आणि कवळी काढल्यावर हिरड्या आणि टाळू ओल्या फडक्याने पुसायचं, हे बहुतेक लोक करत नाहीत.

रानजाई:
अपडेट. भाऊ गेला एकदाचा. उजवीकडच्या खालच्या दाढांभोवती खोल कप्पे झालेत, एका जागी पूसुद्धा होता, आणि अक्कलदाढ अर्धवट वर आलेली, तिच्यावरच्या हिरडीच्या झडपेखाली अन्न अडकत होतं. स्केलिंग झालं, आता हिरडीच्या आतून सफाई दोन बैठकांत करणार आणि अक्कलदाढ काढायची आहे. पोटाची औषधं मूळ डॉक्टरांना विचारून थांबवली. वहिनी म्हणते अर्धा वास आत्ताच गेलाय. तो स्वतः मात्र म्हणतोय "थोडं पोटाचंही असेलच" :D

टिवल्याबावल्या:
तुमच्या भावाला माझा पाठिंबा आहे :D

धावपळ:
मी कार्ब्स जवळजवळ बंद केलेत, आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तोंड स्वच्छ आहे, तपासलंय.

दंतकथा:
शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की अ‍ॅसिटोन तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं, डाएट सोडलं की जातं. पण हाच गोडसर, फळासारखा वास मधुमेह असलेल्या माणसाला येत असेल, जोडीला खूप तहान, उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी असेल तर ती इमर्जन्सी आहे, लगेच हॉस्पिटल. किडनी निकामी होत असेल तर अमोनियासारखा आणि लिव्हर फार बिघडलं तर कुबट गोडसर वास येतो, पण तोपर्यंत त्या माणसाला बाकी लक्षणं भरपूर असतात, नुसत्या वासावरून घाबरून तपासण्यांची रांग लावू नका. अगदी क्वचित काही लोकांच्या श्वासाला आणि घामालाही माशासारखा वास येतो, तो एका एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेमुळे, त्याची तपासणी वेगळी असते.

पिटुकलीचीआई:
उशिरा लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी. मुलगी तीन वर्षांची आहे. आठवडाभर तिच्या तोंडाला, म्हणजे चेहऱ्याजवळ गेलं की फार घाण वास येतोय. दात बघितले, कीड नाही. ताप नाही. सर्दी आहे पण नाक एकाच बाजूने वाहतंय, हिरवट. सर्दीचं औषध चालू आहे, फरक नाही.

दंतकथा:
एकाच नाकपुडीतून घाण वासाचं वाहतंय आणि मूल एवढं लहान आहे म्हणजे नाकात काहीतरी घातलेलं असण्याची दाट शंका आहे, मणी, स्पंजचा तुकडा, कागदाचा बोळा, काहीही. स्वतः चिमट्याने काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. उद्यावर न टाकता आजच ईएनटीला दाखवा. आणि घरात रिमोटची, खेळण्याची बटण बॅटरी गायब आहे का ते आत्ता बघा, ती असेल तर तासाभराचाही उशीर नको, थेट इमर्जन्सीला जा.

पिटुकलीचीआई:
बॅटऱ्या सगळ्या जागेवर आहेत. निघालो.

पिटुकलीचीआई:
खोडरबराचा तुकडा होता. गुलाबी. काढून झाल्यावर "माझा रबर दे" म्हणून रडली.